‘असो’च्या अलीकडचं वाक्य

पत्र

ताई, स. न. वि. वि.

वय ५७ वर्षं १० महिने. भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये ३४ वर्षं काढली, दोन महिन्यांनी निवृत्त होतोय. तब्येत बरी आहे, घराचं कर्ज फिटलं, मुलगी मार्गी लागली. तक्रार एवढीच की मला कसलीच आवड नाही. बायको म्हणते, काहीतरी शोधा, नाहीतर दिवसभर माझ्या मागे मागे फिराल. मुलीनं यादी करून दिलीय: पेटी, वॉटरकलर, पक्ष्यांचे फोटो, ट्रेकिंग. पेटीच्या क्लासला सहा आठवडे गेलो, कंटाळा आला. वाढदिवसाला तिनं कॅमेरा दिला, अकरा बुलबुल काढले, अकराही हलले. सोसायटीच्या हास्यक्लबात हसू येईना. रंगांचा डबा अजून सीलबंद आहे. माझ्याबरोबरचा एक जण निवृत्त झाल्यावर बासरी शिकला, एक कैलास-मानसरोवर करून आला. मीच कोरडा राहिलो.

मागच्या महिन्यात भाचीच्या लग्नात द्यायला घंगाळ बघायचं म्हणून बायकोबरोबर तांबट आळीत गेलो होतो. तिची घासाघीस चालली तोवर मी शेजारच्या दुकानासमोर उभा होतो. तिथला कारागीर तांब्याचा पत्रा भट्टीत लाल करायचा, पाण्यात बुडवायचा आणि मग तो पत्रा पापडाच्या लाटीसारखा हातानं वाकायचा. आमच्याकडे टूल स्टील लाल करून असं पाण्यात नाहीतर तेलात घातलं की काचेसारखं कडक होतं. ह्यांचं उलटं कसं? पाऊण तास कधी गेला कळलं नाही, बायको चिडली. असो. मुद्दा तो नाही. मुद्दा असा की माणसानं आपली आवड शोधायची कशी? त्याची काही चाचणी वगैरे असते का?

आपला,
होऊ घातलेला रिकामटेकडा, चिंचवड

उत्तर

नमस्कार.

सहीतला रिकामटेकडा मी बाजूला ठेवते. ३४ वर्षं मायक्रॉनचा हिशेब ठेवलेल्या माणसाला तो शब्द शोभत नाही. मी तुम्हाला टूलरूमवाले म्हणेन, चालेल ना?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल होती. पेटीला तुम्ही एक ओळ दिलीत, कॅमेऱ्याला एक, हास्यक्लबला अर्धी, तीही उपकार केल्यासारखी. आणि तांबट आळीला चांगल्या सहा-सात. त्यात भट्टी आहे, पापडाची लाटी आहे, कारखान्यातलं तेल आहे, आणि एक खणखणीत प्रश्न आहे. अख्ख्या पत्रात प्रश्नचिन्हं तीनच. दोन मला विचारलेली, रीतीची. तिसरं तुम्ही स्वतःला विचारलंत आणि लगेच त्याच्यावर ‘असो’चं झाकण ठेवून दिलंत.

इतकी वर्षं लोकांची पत्रं वाचून माझं एक मत झालंय. आपण ‘असो’ दोन ठिकाणी लिहितो. एक, दुःखाचं फार लांबलं असं वाटलं की. दुसरं, आपण रमलो आहोत हे आपलं आपल्यालाच कळतं आणि लाज वाटते तेव्हा. तुमचा ‘असो’ दुसऱ्या जातीचा आहे. तो खोडा, आणि त्याच्या अलीकडचं वाक्य पुन्हा वाचा. ‘पाऊण तास कधी गेला कळलं नाही.’ चाचणी मागत होतात ना? झाली की ती, आळीतच. निकाल तुम्हीच लिहून पाठवलात आणि वर मुद्दा तो नाही म्हणालात.

यात तुमची फारशी चूक नाही. आपल्या घरांतून कुतूहलाला शब्द कोणते आहेत बघा. नसत्या चौकशा. नसती उठाठेव. उचापती, लुडबुड, भोचकपणा, उपद्व्याप. घड्याळ उघडून बसलेल्या पोराला ‘वा, काय जिज्ञासा’ असं म्हणणारी आई मी तरी पाहिली नाही. मी स्वतः म्हटलेलं नाही. ‘जिज्ञासा’ पाठ्यपुस्तकात, ‘कुतूहल’ निबंधात आणि घरात ‘तुला काय करायचंय?’ असा कारभार. पन्नास वर्षं हे ऐकलेल्या माणसाला एखाद्या भट्टीपुढे पाऊण तास उभं राहणं हा वेळेचा अपव्यय वाटला तर नवल काय! ‘छंद’ म्हटलं की आपल्याला पेटी, बासरी, रंग असं काहीतरी दिसतं, ज्याचा क्लास असतो, फी असते आणि वर्षाअखेरीस छोटा कार्यक्रम असतो. पत्रा का वाकला हा प्रश्न त्या यादीत बसत नाही. म्हणून तुम्ही स्वतःला कोरडा ठरवून टाकलंत.

आता तांब्याचं. तुमचं वाक्य वाचल्यापासून मलाही चैन पडेना. माझा भाचा इंजिनिअरिंग कॉलेजात मेटलर्जी, म्हणजे धातुशास्त्र, शिकवतो, त्याला फोन केला. ‘मावशी, सोपं आहे,’ म्हणाला आणि तासभर बोलला. तुम्हाला यातलं अर्धं माहीत असेल, पण बाकीच्या वाचकांसाठी सांगते.

पोलादात कार्बन असतो. पोलाद लाल तापवलं की तो कार्बन लोखंडात विरघळतो. सावकाश थंड केलं तर त्याला बाहेर पडायला वेळ मिळतो. पाण्यात बुचकळलं की तो आहे तिथंच अडकतो, आतली रचना ताणून धरतो, आणि पोलाद कडक आणि ठिसूळ होतं. म्हणून तर तुम्हाला नंतर टेम्परिंग करावं लागतं, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला ते पुन्हा बेतानं तापवावं लागतं. तांब्यात अडकून बसायला असं काहीच नसतं. ते कडक होतं ते वेगळ्या रस्त्यानं: ठोकून ठोकून. हातोडी पडत गेली की आतले कण चेपतात, एकमेकांना अडवतात आणि पत्रा ऐकेनासा होतो. मग कारागीर तो लाल करतो. त्या उष्णतेत चेपलेल्या कणांच्या जागी नवे, मोकळे कण तयार होतात आणि तांबं पुन्हा मऊ पडतं. मऊ होण्याचं सगळं काम भट्टीत उरकलेलं असतं. पाण्याचा त्यात हात नाही, पाणी नुसतं साक्षीला. पत्रा हवेवर ठेवून गार केला असता तरी मऊच निघाला असता. पाण्यानं वेळ वाचतो आणि वरची काळी खपली सुटून येते, एवढंच.

म्हणजे तुम्ही दोन ठिकाणी एकच कृती पाहिलीत, लाल करा आणि बुडवा. कारणं मात्र दोन्हीकडे वेगळी. हे कळलं तेव्हा मी फोन हातात धरून एकटीच हसत होते. आमच्या ह्यांनी विचारलं, कोणाचा फोन? म्हटलं, तांब्याचा.

वाचकांपैकी कोणाला खात्री करायची असेल तर घरच्या घरी करता येते. इलेक्ट्रिशियनकडून जाड तांब्याच्या वायरचा वीतभर तुकडा घ्या, एकच जाड तार असलेला. वरचं प्लास्टिक पूर्ण सोलून टाका, जराही राहू देऊ नका. तार मऊ असते, बोटानं वाकते. ती फरशीवर ठेवून हातोडीनं पाच-सहा वेळा ठोका आणि मग वाकवून बघा. ताठरते. आता पक्कडीत धरून गॅसच्या ज्योतीवर मंद लाल करा आणि पाण्यात सोडा. पुन्हा मऊ. दुसरा तुकडा तसाच ठोकून, तापवून नुसता ओट्याच्या कडप्प्यावर गार होऊ द्या. तोही मऊ. पाण्याची साक्ष फिरली! (हे लहान मुलांना एकट्यानं करू देऊ नका, आणि गार झालेली वाटणारी तार खरंच गार आहे का हे बोट लावून बघू नका.)

इथं तुमच्या डोक्यात पुढचा प्रश्न आला असेल, असा माझा अंदाज आहे. भट्टीतून काढलेलं भांडं मऊ असेल, तर बाजारातलं घंगाळ बोटानं दाबलं तर दबत का नाही? आला होता का? मग ऐका. भांड्यावर शेवटी जे ठिपके ठिपके उठवतात, ज्याला तांबट आळीत मठारकाम म्हणतात, त्यानं नुसती नक्षी होत नाही. तो शेवटचा मार भांड्याला पुन्हा कडक करतो, आणि त्यानंतर भांडं भट्टीत जात नाही. आपण ज्याला शोभा म्हणून जास्त पैसे मोजतो तीच त्याची ताकद.

आणि नसेल आला पुढचा प्रश्न, तर तेही स्पष्ट सांगते: मग तांबं ही तुमची आवड नाही. एका दुपारची गंमत होती, तीही वाईट नाही. माझ्यापुरती कसोटी मी हीच लावते. पहिला प्रश्न कोणालाही पडतो, नवीन काही दिसलं की पडतोच. घरी येऊन, पाय धुऊन, चहा घेतल्यावर दुसरा पडतो का ते बघायचं.

माझंच उदाहरण देते. चाळिशीत मला वाटलं होतं की मला आकाश आवडतं. पुण्यात आकाशवेड्यांना तोटा नाही. इथली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे आणि फेब्रुवारीत विज्ञान दिनाला विद्यापीठाच्या आवारात ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेसमोर लागणारी रांग तुम्ही पाहिली असेल. मी दुर्बीण घेतली. एका थंडीत गावाबाहेर माळरानावर कुडकुडत शनीची कडी पाहिली. सुरेख होती. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. पण घरी आल्यावर मला शनीला काहीही विचारावंसं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या महिन्यात नाही. तरी मी दीड वर्ष रेटलं, कारण दुर्बिणीचे पैसे दिले होते आणि चार जणांना सांगून बसले होते. आता ती दुर्बीण भाच्याकडे आहे. आणि ज्या गोष्टीबद्दल मला रोज प्रश्न पडत होते, म्हणजे एकाच भाजीला कोकणात एक आणि देशावर दुसरं नाव का, तिच्याकडे मी तोवर लक्षच दिलं नव्हतं. ते माझ्या लेखी मंडई होतं, छंद नव्हता.

प्रश्न कुठून कुठं नेतात याचं पुण्यातलंच एक उदाहरण मला फार आवडतं. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिताचे प्राध्यापक, तीस-चाळीसच्या दशकात फर्ग्युसनमध्ये शिकवत. त्यांना संख्याशास्त्र शिकायचं होतं, आणि नुसतं पुस्तकातून शिकायचं नव्हतं, हाताला काहीतरी खरं लागायला हवं होतं. त्यांनी प्राचीन आहत नाणी, म्हणजे ठसे ठोकून पाडलेली नाणी, तोलायला घेतली. नाणं हातोहात फिरलं की झिजतं, जितकं जास्त फिरलं तितकं हलकं. म्हणजे वजनांच्या फरकांवरून नाण्यांचा क्रम लावता येतो. इथवर गणित. पण मग ही नाणी पाडली कोणी, चालवली कोणी? त्यासाठी ग्रंथ वाचायला हवेत, त्यासाठी संस्कृत पक्कं हवं. त्या वाटेनं हा गणिती भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे निरनिराळ्या पोथ्या ताडून ठरवलेला पाठ, काढण्यापर्यंत पोचला. ती १९४८ साली आली. भांडारकर संस्थेजवळ घर, मागे टेकडी. तिथं फिरताना पायाखाली गारगोटीची बारीक हत्यारं सापडली. मग ती कोणाची, ती माणसं कुठून कुठं जात होती, आजचे धनगर त्याच वाटांनी जातात का, वाटेवरच्या देवांची नावं काय. आणि हे सगळं करताना कित्येक वर्षं डेक्कन क्वीननं मुंबईला जाऊन टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताची नोकरी चालूच.

कोसंबी व्हा असं मी सांगत नाहीये; तुम्हालाही हसू येईल आणि मलाही. नुसता क्रम बघा. ‘मला इतिहासाची आवड आहे’ अशी पाटी लावून ते निघाले नव्हते. हातात तराजू होता आणि एक प्रश्न. तुमच्या हातात ३४ वर्षांचं पोलाद आहे. तांबट आळीत त्या दिवशी दोनशे माणसं येऊन गेली असतील, पण लाल पत्रा मऊ झाला याचं आश्चर्य वाटायला पोलाद कडक होताना पाहिलेला माणूस लागतो. निवृत्तीनंतर काहीतरी ‘वेगळं’ करायचं म्हणून मुलीनं यादीत तुमच्या कामाच्या जवळपास जाणारं एकही नाव घातलं नाही. तिचा हेतू चांगला आहे. पण माणूस ज्यात मुरला आहे त्याच्या शेजारच्या घरात त्याला जे दिसतं ते दूरच्या गावात दिसत नाही.

आता काय करायचं ते सांगते.

घंगाळ घेतलं असणार आणि लग्न अजून झालं नसेल, तर ते पॅक करायच्या आधी उलटं करून बघा. जोड कुठं आहे? असलाच तर तो कसा बसवलाय? काठ आत वळवून त्यात काही घातलंय का? जे दिसेल ते वहीत काढा. रंगांचा डबा सीलबंदच राहू द्या, तुम्हाला पेन्सिल आणि स्केल पुरे. ड्रॉइंग वाचणारा माणूस तुम्ही. कॅमेऱ्याचंही काम होईल. भांडं बुलबुलासारखं उडून जात नाही.

मग एखाद्या साध्या वारी, दिवाळी-लग्नसराईची गर्दी टाळून, एकटे तांबट आळीत जा. आता मेट्रो कसबा पेठेत सोडते, पिंपरीहून बसलात की गाडी बदलायचीही गरज नाही. बायकोला नेऊ नका. तिच्यावर वेळेचं ओझं आणि तुमच्यावर तिच्या नजरेचं. कारागिराच्या समोर उभं राहून त्याचा हात अडवू नका, हात थांबला की त्याची कमाई थांबते. दुपारी चहाच्या वेळी जा, चहा तुम्ही सांगा, एकच प्रश्न विचारा आणि तो असा विचारा की ज्याचं उत्तर हातानं दाखवता येईल. ‘पाण्यात का बुडवता?’ यापेक्षा ‘पुन्हा तापवायला झालाय हे कशावरून ओळखता?’ हा चांगला. मला वाटतं तो आवाजावरून ओळखत असावा, पण ते तुम्ही विचारून मला कळवा. मोबाइल खिशात ठेवा. छोटंसं काहीतरी विकत घ्या. आणि तुम्हाला मेटलर्जी येते हे पहिल्या भेटीत सांगू नका. हे सगळ्यात अवघड जाईल, मला माहीत आहे. पुण्यात राहता, भले पिंपरी-चिंचवड म्हणा.

शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक सकाळ काढा. शाळेच्या सहलीत सगळेच जाऊन आलेले असतात आणि मस्तानी महालापलीकडे कोणाला काही आठवत नाही. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली आणि चाळीस-बेचाळीस वर्षांनी, १९६२ साली, सगळा संग्रह राज्य सरकारला देऊन टाकला. नाव दिलं लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं. दिवे, कुलपं, अडकित्ते, भांडी. स्वयंपाकघरातल्या आणि देवघरातल्या वस्तू, ज्या बाकीचे लोक मोडीत काढत होते. तिथं पाट्या वाचत बसू नका. अडकित्त्याच्या दोन पात्यांमधला रिव्हेट बघा. एकेका अडकित्त्यानं किती सुपाऱ्या फोडल्या असतील आणि तो रिव्हेट सैल का पडला नाही, हे तुम्ही तिथल्या बहुतेक प्रेक्षकांपेक्षा जास्त चांगलं सांगाल.

कल्हईवाला भेटला तर सोडू नका. हल्ली दारावर क्वचित येतो. कथिल २३२ अंशांना वितळतं आणि तांबं १०८५ ला, म्हणून तापलेल्या भांड्यात कथिल पाण्यासारखं फिरतं आणि भांड्याला काही होत नाही. त्याआधी तो जो नवसागर टाकतो, ज्याचा पांढरा धूर डोळ्यांत जातो, तो तांब्यावरचा गंज खातो. माझी आई त्या धुराला शिव्या द्यायची आणि मी तिच्या पदराआडून बघायचे. रविवारी किंवा बुधवारी जुना बाजार भरतो तिथंही चक्कर मारा. फुटकं भांडं आणा, आख्खं नको. फुटक्यातून आतलं दिसतं.

क्लास लावू नका. पुस्तकं पहिल्या महिन्यात नकोत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर करू नका. हे मी फार अनुभवानं सांगते. ‘बाबांना तांब्याच्या भांड्यांची आवड लागलीय’ असं एकदा तिथं पडलं की पुढच्या वाढदिवसाला सहा तांब्याच्या बाटल्या येतात आणि कोणीतरी ‘चॅनेल काढा ना’ म्हणतं. १८७५ पासून वसंत व्याख्यानमाला ऐकणारं हे शहर. पंधरा दिवस काही शिकलं की आपल्याला व्याख्यान द्यावंसं वाटतं. वर्षभर देऊ नका. निदान कोणाला ‘पुढे काय करणार त्याचं?’ असं विचारायची संधी देऊ नका. त्या प्रश्नानं मी चांगली चांगली वेडं मरताना पाहिली आहेत.

मुलीला काय सांगायचं हा नाजूक भाग आहे. तिला यादी फसली असं सांगू नका. तिनं तुमच्यासाठी बसून विचार केला, हे किती बापांच्या नशिबी असतं? कॅमेऱ्यातून काढलेला जोडाचा एखादा चांगला फोटो तिला पाठवा, खाली काहीही न लिहिता. ती विचारेल, हे काय आहे? मग सांगा.

बायकोचं म्हणणं मात्र मी पूर्ण गंभीरपणे घेते. तिची भीती तुमच्या कंटाळ्याची नाही, स्वतःच्या घराची आहे. निवृत्त झालेला माणूस पहिल्या पंधरवड्यात मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावतो आणि मग दोन वर्षं घरात जिरं सापडत नाही. टूलरूमवाल्यांना तर हा मोह जास्तच, तुमच्याकडे प्रत्येक पान्याची सावली भिंतीवर रंगवलेली असते. कृपा करून स्वयंपाकघरात ते करू नका. आणि उत्साहाच्या भरात बाल्कनीत भाता आणू नका. आठवड्यातून दोन दिवस ठरवून घराबाहेर पडा, वार सांगून, म्हणजे तिलाही तिचे दोन दिवस मोकळे मिळतील. त्या दिवशी ती चिडली ते योग्यच होतं, बरं का. घासाघीस आटोपल्यावर तुमची वाट बघत ताटकळली असणार.

चार महिन्यांनी हे सगळं ओसरलं तर? ओसरू द्या. वही बंद करून कपाटात ठेवा आणि कोणालाही स्पष्टीकरण देऊ नका, पेटीचं दिलंत तसं. पुढच्या वेळी कोणाशी तरी बोलताना पुन्हा तोंडून ‘असो’ निघेल. तेव्हा जरा थांबून मागचं वाक्य काय होतं ते आठवायचं. तुमच्या बाबतीत मला ओसरेल असं वाटत नाही. लाटीची उपमा ज्याला सुचली त्यानं नीट पाहिलेलं असतं.

आणि जमलं तर माझं एक काम करा. नारायण पेठेत आमच्या माहेरी वाड्याच्या न्हाणीघरात बंब होता. सगळा बंब तांब्याचा, पण तोटी पितळेची. शेजारच्या बिऱ्हाडाचा बंब पाहिला, तोही तसाच. पुढे आत्याकडचा पाहिला, तिथंही पितळेचीच तोटी. लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं, त्यांनी ‘आंघोळ उरक’ असं सांगितलं. तांब्याची का नाही करत?